मेलेल्या बाईचं व्याख्यान

धामणगाव बढे,
डिसेंबर १९४०

तीर्थस्वरूप नारायणराव मामाजींच्या पायी इंद्रभानचा दंडवत. इकडे सर्व ठीक आहे, असं लिहिण्याची रीत आहे. आपला दमा आणि सासूबाईंचा गुडघा या थंडीत कसा आहे ते कळवावं. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं असतं, आपण मोताळ्याहून छकडाही पाठवला, तरी कोकिळा का आली नाही, असं आपण रागाने विचारलं आहे. रास्त आहे. छकडा मीच रिकामा परत पाठवला. ती इथेच, नर्सबाईंच्या खोलीत बाळंत होणार आहे. असं का झालं ते लिहितो. पूर्ण वाचून मग रागवावं.

गावात बाळंतिणींसाठी खोली बांधली. शिकलेल्या नर्सबाई आल्या (अन्नपूर्णाबाई, विधवा, अबोल). पण एकही बाई उंबऱ्याच्या आत गेली नाही. कोणी येत नसेल तर नर्सबाईंना दुसऱ्या गावी नेऊ, असा वरून निरोप आला. खोलीच्या समितीचा चिटणीस मी. मी सुचवलं, बोलपटातल्या सत्यभामाबाईंना बोलवावं. काम नसलं की त्या गावोगाव फिरून, बाळंतपण नर्सच्याच हातून करावं, असं बायकांना समजावतात. (मूकपटात त्या देवी होत्या. बोलपट आल्यापासून आई होतात आणि शेवटच्या रिळाआधी मरतात.) त्या येतो म्हणाल्या. मी दवंडी पिटवली. एक गोष्ट विसरलो. उन्हाळ्यात तंबूतल्या सिनेमात गावाने त्यांना पाहिलं होतं, आणि त्यात त्या बाळंतपणातच गेल्या होत्या. चिता सगळ्यांनी पाहिली. माझ्या रुखमाआत्याने तर घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

सभेला बायका आल्या, पण अंगणाच्या कडेला, पोरांना पदराआड धरून. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, ही समजूत आमच्याकडे व्याख्यानाने जात नाही. सत्यभामाबाई बोलायला उभ्या राहताच आत्या म्हणाली, "आधी पाय दाखव वं बाई. हडळीचे उलटे राह्यतात." मी जमिनीकडे पाहत होतो. बाईंनी चपला काढल्या आणि धुळीतून चालल्या. आत्याने वाकून पावलं पाहिली. रंगराव पाटलांनीही पाहिली (अध्यक्ष या नात्याने). सुलटी होती.

"मंग मेली काऊन होती?"

"त्यात नर्स नव्हती, आत्याबाई. बोलावली असती तर बोलपट मध्यंतरालाच संपला असता."

बायका हसल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात आत्या माझ्याकडे वळली. "अन् काय रे चिटणीस, तुह्या घरची भरल्या दिवसाची हाय. ते कुठं चालली?"

मोताळ्याला, माहेरी, असं मी खरं ते सांगितलं. हसू थांबलं. बायका पदर झटकून उठू लागल्या. तेव्हा बायकांमधून कोकिळा उभी राहिली. "मी नाही जात मोताळ्याले. मी इथंच खोलीत जाईन." मला विचारलं नाही. घरी मी तिला परोपरीने समजावलं. ती म्हणाली, "साऱ्या गावाले एक सांगता, अन् मले दुसरं काऊन सांगून राह्यले?" याचं उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावं.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला जावई,
इंद्रभान

ता. क. नर्सबाई शांत आहेत. मीही धीराने घेतो आहे.

ता. क. वर "बाळंत होणार आहे" असं लिहिलं ते सावरून लिहिलं. कोकिळा पहाटेपासून खोलीत आहे. हे पत्र मी दाराबाहेर बसून लिहितो आहे. लिहिणं थांबवलं की आतलं ऐकू येतं, म्हणून पत्र लांबलं. आता आत्याही आत गेली आहे.

ता. क. पत्र शेजारच्या मोतीरामाजवळ देतो आहे. त्याचा छकडा जुंपून उभा आहे. सासूबाईंना त्यातच बसवून द्यावं. रागवायचं ते त्यांनी इथे येऊन रागवावं. आतून कोकिळा विचारते आहे, "आई निघाली काय?" मी हो म्हणालो आहे. मला खोटं पाडू नये.