नातू परत आला, अण्णा

अण्णा,

तुमचा नातू परत आला आहे. आला कसला, आणून सोडला. ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगातून सुटायच्या दिवशी त्याची बायको आणि चिमुरडी लेक दाराशी उभ्या होत्या, आणि त्याला आतल्या आत दुसऱ्या कोठडीत नेलं. तिथून थेट विमानात. व्हिसा रद्द. एका पार्टीतल्या भांडणात त्यानं एकाचा जबडा मोडला होता. मी पांघरूण घालत नाही, मारलंच त्यानं. पण त्याची शिक्षा त्यानं पुरी भोगली. तिथला पोरगा असता तर शिक्षा संपवून घरी गेला असता. हा तिथला नाही, म्हणून बायकोपोरीपासून तोडून कायमचा हाकलला. बोबडं बोलत असताना गेलेला मुलगा तिथला नाही, तर कुठला? त्या सरकारचा मला संताप येतो. पण सरकार माझ्या हाताला लागत नाही. तुम्ही लागता.

कारण तो तिथला झाला नाही, ते तुमच्यामुळे. दादा पोराला घेऊन तिकडं निघायचा आदला दिवस आठवा. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटते आहे, दादा जेवायला बसलाय, पोर त्याच्या मांडीवर भात चिवडतंय. तुम्ही देवघरातून गंगाजलाची लोटी घेऊन येता आणि भरल्या ताटावर दादाच्या तळहातावर पाणी घालता. ‘तिकडं कमव, घर बांध. पण तिथले होऊ नका. हा आपलाच राहिला पाहिजे, आम्हांला पाणी द्यायला.’ दादा म्हणाला, ‘अण्णा, कागद बदलल्यानं काय होतं?’ तुम्ही लोटी आणखी कलती केलीत. त्यानं मान डोलावली. गंगाजल हातात घेऊन दिलेला शब्द आपल्या घरात कोण मोडतो? पुढं नागरिकत्व घ्यायची वेळ आली, तेव्हा दादानं ना स्वतःचं घेतलं, ना मुलाचं. मुलाला मोठेपणी सुचलंच नाही; कायमचा व्हिसा होता, कुणी विचारत नव्हतं. देश बदलला म्हणून गोत्र बदलत नाही, हे जन्मभर पाठशाळेत शिकवलेल्या माणसाला मी सांगायला हवं होतं का?

आता तो वरच्या खोलीत असतो. इथली हिंदी येत नाही, मराठी घरापुरती. खाली गंगेवर, अहिल्याबाई घाटावर गेला की नावाडी मागं लागतात, ‘हॅलो सर, बोट?’ शेजारची भाभी गच्चीवरून विचारते, ‘दीदी, भतीजा कब तक रहेगा?’ काय सांगू तिला? रोज दुपारी मोबाइलवर लेक विचारते, घरी कधी येणार. तो तिला गंगेतल्या होड्या दाखवत बसतो.

पितृपक्षात गुरुजींचा निरोप आला. मुलगा तिकडं परदेशात, पण नातू घरात आहे, यंदा तर्पण त्याच्याच हातून होऊ दे. तो लगेच तयार झाला. ‘आत्या, आजोबांसाठी काय करायचं ते दाखव. मी करेल.’

‘काही गरज नाही. जेवायला बस.’

‘पण ते वाट बघत असतील ना?’

‘बघू देत.’

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही. गंगेत सोडलं तर तुम्हांला पोचेल, आणि तेवढंही पोचू नये असं वाटतं. गुरुजींना मी सांगितलं की मुलाला ताप आहे. ताप नव्हता, अण्णा. लोटी घासून तो दाराशी उभा होता. तुमचं पाणी मी अडवलं.