मस्टरवर रामहरी

बारामती,
मंगळवार, ता. ४ सप्टेंबर १९५६

ती. स्व. सौ. द्वारकाआक्का हिस,

रामहरीचा दंडवत. दाजींनाही सांग. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे. सारजा खरंच बरी आहे, पोरीचा खोकलाही उतरला. मी मात्र खुशाल नाही, आणि तसं ढोंग करायचाही आता वीट आलाय.

फुलाबाई गुरुवारच्या बाजाराला आली तेव्हा तिनं तुझा निरोप सांगितला. "झुंबर पुण्यावनं आल्यापास्नं तोंड उघडत न्हाय, भरपाईचं काय झालं ते तरी लिवून धाड म्हनावं," असा. हे लिहायला मला महिन्याचा उशीर झाला. तुला वाचता येत नाही, दाजींना येत नाही, म्हणजे हे पत्रही नेहमीसारखं झुंबरच तुला वाचून दाखवणार. त्याच्यावर जे गुदरलं ते त्याच्याच तोंडून वदवायचं, हे मला बरं वाटेना. पण तू विचारलंस, तर सांगायला हवं.

पौषातल्या त्या शनिवारी मला ताप होता म्हणून आपला धाकटा झुंबर माझ्या जागी गिरणीत गेला, एवढं तुला माहीत आहे. शेंगा फोडायच्या यंत्राच्या पट्ट्यात त्याचा डावा हात गेला आणि डॉक्टरांनी मनगटापासून कापला, तेही तू डोळ्यांनी पाहिलंस. पुढचं तुला कोणी सांगितलेलं नाही. आमच्या गिरणीत माणूस आजारी पडला की त्याचा भाऊ नाहीतर मेव्हणा बदली म्हणून येतो. हजेरी मात्र मूळ माणसाच्या नावावरच पडते. दत्तोबा मुकादमाला ते चालतं, आणि शेटला कळत नाही, किंवा कळूनही कळत नाही. म्हणजे त्या दिवशी मस्टरवर होता रामहरी आणि यंत्रापाशी होता झुंबर.

झुंबर दवाखान्यात होता तेव्हा शेट एकदा भेटायला आला. डझनभर केळी घेऊन. एका हातानं केळं कसं सोलायचं, याचा विचार त्या भल्या माणसानं केला नसावा. पाच मिनिटं बसला, दोनदा घड्याळ बघितलं आणि "देवाची मर्जी" म्हणून उठला. दत्तोबा मागं राहिला. मला व्हरांड्यात बोलावून म्हणाला,

"रामहरी, मस्टरला ज्याचं नाव न्हाय त्याला कायद्यात फुटकी कवडी मिळत न्हाय. अर्ज तुज्या नावानं करू. झुंबर रामहरी म्हून हुबा ऱ्हाईल. साहेबाला काय, हात गेल्याला मानूस दिसला म्हंजी झालं."

"आन मी?"

"तू झुंबर व्हय. तुला ठेवून घेतो की कामावर."

आम्हा दोघा शहाण्यांना ते पटलं. झुंबरनं उरलेल्या हातानं अर्जावर 'रामहरी गेणबा' अशी सही केली. त्याचं अक्षर पहिल्यापासून माझ्याहून चांगलं. माझं नाव इतकं सुबक मीसुद्धा कधी लिहिलेलं नाही.

मग सरकारी डॉक्टर झाला. त्यानं पट्टी लावून थोटा हात मोजला, तोंडातली सुपारी न काढता आकडा सांगितला आणि कारकुनानं लिहून घेतला. कायद्याच्या पुस्तकात माणसाच्या एकेका अवयवाचे टक्के छापलेत, आक्का. अंगठ्याचे इतके, बोटाचे इतके. झुंबर मान खाली घालून बसला होता आणि ते दोघं पुस्तकाची पानं उलटत होते. मला त्या दोघांची शिसारी आली.

तेव्हापासून रोज सकाळी दत्तोबा हजेरी घेतो. "झुंबर गेणबा!" आणि मी म्हणतो, "हजर." बाकीच्या गड्यांना सगळं ठाऊक आहे, एक जण मान वर करत नाही. हे एवढं तीन अक्षरांचं उत्तर दिलं की दिवसभर तोंड विटलेलं असतं. सारजानं वाढलेली भाकरीसुद्धा गोड लागत नाही.

आता पुण्याची तारीख. भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरसाहेबांसमोर झुंबर उभा राहिला, रामहरी म्हणून. मी मागच्या बाकावर, झुंबर म्हणून. शेटचा वकील उठला आणि म्हणाला, भरपाई द्यायचं कारणच नाही. यंत्राच्या पट्ट्यावर जाळी होती, ती या इसमानं आपल्या हातानं काढली. जो कामगार मुद्दाम जाळी काढतो त्याची जबाबदारी मालकावर नाही, असं कायद्यातच आहे. चोराच्या उलट्या बोंबा!

साहेबांनी झुंबरला विचारलं, "तू काढलीस जाळी?"

"न्हाय, साहेब. जाळी आदीच न्हवती."

"कधीपासून नव्हती?"

आक्का, तिथं झुंबरनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. त्याला कसं माहीत असणार? तो त्याच दिवशी पहिल्यांदा त्या यंत्रापाशी गेलेला. मी माझ्या वहाणांकडं बघत बसलो. मग तो म्हणाला, "ठावं न्हाय, साहेब." वकील हसला. "चार वर्षं त्याच यंत्रावर आहे म्हणतो आणि जाळी कधीपासून नव्हती हे ठाऊक नाही!" साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि आमचा माणूस खोटारडा ठरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढची तारीख वीस सप्टेंबर, गुरुवार. त्या दिवशी माझी साक्ष आहे, झुंबर या नावानं. दत्तोबानं पढवून ठेवलंय, "इचारलं तर म्हनायचं, मी गिरनीत नवा हाय, मला काय म्हाईत न्हाय." तसं म्हटलं की दावा बुडाला, आणि झुंबरच्या हाताचं काहीच मिळणार नाही.

परत येताना दौंडला गाडी बदलायची होती. मी दोन कप चहा आणला. झुंबरनं एवढंच विचारलं, "दादा, जाळी कवापास्नं न्हवती रं?" मी म्हणालो, "मला काय ठावं." त्यानं चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला आणि बारामती येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. तुझ्याकडं येऊन तो बोलत नाही, त्याचं कारण साहेब नाही, वकील नाही. त्याचं कारण मी आहे.

झुंबर, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. आक्काला सांग, अक्षर लागत नाही.

जाळी त्याच आठवड्यात बुधवारी काढली. पट्टा सारखा निसटत होता, दर वेळी जाळी उघडायची म्हणजे काम अडायचं, म्हणून दत्तोबानंच मिस्त्रीकडून ती काढवली आणि पोत्यांच्या थप्पीमागं टाकली. मी तिथं उभा होतो. मी म्हणालो, "मुकादम, हात जाईल कुनाचा तरी." तो म्हणाला, "हंगाम सरू दे, मग बसवू."

शुक्रवारी दुपारी पट्टा चढवताना माझी बाही आत ओढली गेली. खांद्यापर्यंत फाटली आणि सुटली, म्हणून मी वाचलो. सारजाला सांगितलं, बाभळीला अडकली. ती दिव्याजवळ बसून शिवत होती आणि मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो होतो. तू वांग्याच्या पाट्या घेऊन गुरुवारच्या बाजाराला आलेला, अजून आमच्याकडंच होतास. पोरीला खांद्यावर घेऊन अंगणात नाचत होतास.

मला ताप नव्हता, झुंबर.

सकाळी उठलो आणि माझे पाय गिरणीकडं वळेनात. घोंगडी अंगावर ओढली आणि तुला म्हणालो, अंगात कणकण आहे, एक दिवस माझ्या जागी जा, हजेरी बुडायला नको. तू लगेच उठलास. "पट्ट्यापाशी जपून," एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का? म्हणून म्हणालो नाही. दहा वाजता गडी धावत आला तेव्हा मी भाकरी खात होतो. ताप असलेला माणूस, आणि दुसरी भाकरी.

शेटची केळी, डॉक्टरची सुपारी, वकिलाचं हसू, सगळ्याची मला शिसारी येते असं वर लिहिलं. ते खोटं नाही. पण त्यांनी तुझा हात बघितला तो तुटल्यावर. मला तो आदल्या दिवशीच दिसला होता. आणि त्या गप्प बसण्याच्या मोबदल्यात मी आठ महिने त्यांच्याच गिरणीत, तुझं नाव लावून, पगार घेतोय. आता त्या पट्ट्यावर जाळी आहे. इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी बसवली, हिरवा रंग देऊन. मी तिच्यामागं अगदी सुखरूप असतो.

परवा बापूसाहेब वकिलांकडं गेलो. हे सगळं त्यांच्यापुढं ओकलो. ते आधी मला वाट्टेल ते बोलले, ते योग्यच होतं. मग म्हणाले, मस्टरवर नाव नसेल तर काही मिळत नाही, ही मुकादमाची थाप. मुकादमानं जाणूनबुजून कामाला लावलं की तो कामगारच. मस्टरबाहेरचा गडी यंत्राला लावला हे झाकून स्वतःची कातडी वाचवायला मुकादमानं नावाची अदलाबदल करवली आणि आपण बावळटासारखे तिच्यात सापडलो. अजूनही साहेबांसमोर आपणहून खरं सांगितलं तर दावा वाचू शकेल. वाचेलच अशी हमी ते देत नाहीत. खोट्या सहीबद्दल तुलाही साहेब चार शब्द सुनावतील, कदाचित खटलाही होईल. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे.

म्हणून तुला विचारल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. सही तुझीही आहे. तू हो म्हणालास तर वीस तारखेला मी माझं नाव सांगेन आणि जाळी कुठल्या वारी कोणी काढली तेही सांगेन. शुक्रवारची बाही आणि शनिवारचा ताप, दोन्ही सांगेन. तू नको म्हणालास तर मात्र काय करायचं, ते मला खरंच कळत नाही.

आक्का आता विचारत असेल, का रे थांबलास, काय लिहिलंय? तिला काय सांगायचं याचा मी तासभर विचार केला. आधी इथं लिहिलं होतं, तूच तिला हे सगळं वाचून दाखव, माझ्या तोंडून सांगायचं मला धाडस नाही. लिहिलं, परत वाचलं आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. जिथं जायची मला भीती, तिथं पुन्हा तुलाच पाठवत होतो.

ती ओळ खोडली आहे. तिला काही वाचून दाखवू नकोस. पत्र खिशात ठेव. येत्या रविवारी सकाळच्या एस्टीनं मी शेळगावला येतोय आणि तिच्यासमोर बसून सगळं माझ्या तोंडानं सांगणार आहे. तू तिथं असावंस असं वाटतं. नसलास, मळ्यात निघून गेलास, तरी मी येणार.

माझ्याऐवजी कोणी येणार नाही.

रामहरी