बैलांनी ओढायचे उरलेले घर

मी एलेउतेरियो चिग्वाय, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार पुंता केल्यो, चिलोए बेट. माझे डोके ठिकाणावर आहे. मन दोन वर्षांपासून गप्प आहे, पण मृत्युपत्राला ते लागत नाही, असे कारकून म्हणाला. म्हणून कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो ते असे.

घर. आमचा किनारा समुद्र दरवर्षी कुरतडतो. म्हणून मी आयुष्यभर ओढून नेता येतील अशीच घरे बांधली. खाली सुटे ओंडके, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या. कडा जवळ आला की मिंगा बोलवायची. सगळा गाव बैल घेऊन येतो, घर वर ओढतो आणि घरधन्याकडे जेवतो. अशी एकतीस घरे मी हलवली. स्वतःचे तीनदा.

तिसऱ्या खेपेनंतर माझी बायको ऑर्फेलिना म्हणाली, "आणखी किती वेळा माझी चूल बैलांमागे फिरवणार आहात? आता एकदा बूड टेकू द्या." मी स्वयंपाकघराखाली सिमेंट ओतले. शेजारी बेलार्मिनो कुंपणावरून म्हणाला, "आम्हाला शहाणपण शिकवतोस आणि स्वतःच जमिनीला चिकटतोस होय रे?" त्याला अकरा वर्षे झाली. मी त्याच्याशी अजून बोललेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, कडा सुटला. ओढता येईना म्हणून घर जागेवरच होते. स्वयंपाकघर खाली समुद्रात गेले, आत ऑर्फेलिना बटाटे सोलत होती. ती सापडली नाही. मला रडू आले नाही, अजून येत नाही.

उरलेल्या दोन खोल्या मुलगी निल्डा हिला. अट एकच. हिवाळ्याआधी त्या सिमेंटापासून कापून टेकडीवर न्याव्यात. कडा आता नऊ पावलांवर आहे. निल्डा, तू म्हणतेस, "बाबा, आईची जागा सोडून मी कुठे जाऊ?" आई तिथे नाही, बाळ. घर ने.

मोठी करवत, पहारी आणि साखळ्या बेलार्मिनोला. कुठे कापायचे ते त्याला कळते. मिंगेच्या दिवशी बैलांना पुकारा त्यानेच द्यावा. त्याचे बरोबर होते. तोंडावर सांगणे जमले नाही. मागच्या पिंपातली सफरचंदाची दारू त्या दिवशी संपवावी.

माझे प्रेत. चर्चने कबरी टेकडीवर हलवायला काढल्या आहेत. मला जुन्याच दफनभूमीत, कड्याकडच्या पहिल्या ओळीत पुरावे. ती ओळ चार-पाच हिवाळे टिकेल. सगळ्यांच्या कबरी वर न्याव्यात. माझी हलवू नये. ऑर्फेलिना खाली आहे.

वाचून, समजून सही केली.
एलेउतेरियो चिग्वाय

साक्षीदार:
१. रोसाल्बा मिल्यालोंको, शाळेच्या बाई
२. हेरार्दो ओयार्सून, होडीवाला

पुंता केल्यो, ४ मार्च २०१९