खालचं विकायचं नसतं

स्क्रँटन,
५ ऑक्टोबर २००८

प्रिय रोझॅन,

तू, डेल आणि गोठ्यातली पन्नास तोंडं, सगळी ठीक असाल असं धरून चालते. मी बरी आहे. शाळेच्या ग्रंथालयाला या वर्षी नव्या पुस्तकांसाठी पैसे नाहीत, त्यामुळे जुन्यांच्याच पाठी चिकटवत बसते.

आई वृद्धाश्रमात रुळली आहे, म्हणजे तिथल्या लोकांना तिची सवय झाली आहे. परवा तिनं जेवणाचं ताट परत पाठवलं. "हे पिरोगी आहेत? आतला बटाटा शोधायला कंदील लागेल," असं वाढणाऱ्या बाईला म्हणाली. वय त्र्याऐंशी, जीभ अजून चाळिशीतली. तुझी चौकशी करते. "विस्निकांची पोर अजून माझ्याच घरात राहते ना?" मी म्हणते, "आई, एकतीस वर्षं झाली. घर आता त्यांचं आहे." त्यावर ती म्हणते, "वरचं."

तुमचा गॅस कंपनीचा ड्राफ्ट बँकेतून परत आला, हे तुझ्या चुलतबहिणीकडून कळलं. वाईट वाटलं. त्या लोकांची रीतच अशी आहे म्हणे. जूनमध्ये लीजवर सही घ्यायची, हातात चेकसारखा दिसणारा कागद ठेवायचा, आणि मग नव्वद दिवस जुनी खरेदीखतं चाळून पैसे द्यायचे की नाही ते ठरवायचं. त्या भरवशावर तुम्ही गोठ्याचं छप्पर करायला दिलंत, असंही ती म्हणाली. डेलला बोल लावू नकोस. सगळं खोरं त्या कागदाला चेकच समजत होतं.

कसली तरी जुन्या दस्ताची भानगड असेल. एखादा वकील गाठ. अशा गोष्टी सुटायला वेळ लागतो, पण सुटतात.

इथे मेपल लाल झाले आहेत. तुमच्याकडे एव्हाना झडायला लागले असतील.

सप्रेम,
लेनोर

* * *

स्क्रँटन,
२० ऑक्टोबर २००८

प्रिय रोझॅन,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. फक्त एवढंच, "दस्तनोंदणीच्या कचेरीत जाऊन आले. रांग जिन्यापर्यंत होती. सत्त्याहत्तरच्या खरेदीखतात तुझ्या आईनं जमिनीखालचं तेल आणि गॅस स्वतःकडे राखून ठेवलंय. काल कोणीतरी घरामागच्या वरच्या शेतात नारिंगी फिती बांधलेल्या खुंट्या ठोकून गेलं. तुला माहीत होतं का?"

हो. माहीत होतं.

आमच्या घरात हे वाक्य जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं होतं. आजोबा म्हणायचे, वरचं विकावं, खालचं विकायचं नसतं. त्यांच्या वडिलांनी दक्षिणेकडची जमीन वरखाली सगळी विकली आणि पुढे तिथे कोळसा निघाला. तेव्हापासून आमच्यात कोणीही जमीन विकली की वकिलाला ती एक ओळ घालायला लावायची. बाबा गेल्यावर आईनं तुझ्या वडिलांना शेत आणि घर विकलं तेव्हाही तिनं ती घातली. तुझ्या वडिलांनी ती वाचली असेल किंवा नसेल. खोऱ्यात तेव्हा गॅसचं नावही कोणी घेत नव्हतं. दूध आणि गवत, एवढाच त्या जमिनीचा हिशेब होता.

जूनमध्ये तू फोन केला होतास. तू म्हणालीस, "लेनी, तुझ्या आईनं काही मागे ठेवलंय का गं? तो गॅसवाला विचारत होता." मी म्हटलं, "माझ्या कानावर तरी नाही." तू हसलीस. "बरं झालं बाई, नाहीतर माझ्या नशिबाची पार्टी तुझ्या घरी झाली असती."

मी खोटं का बोलले, याचा विचार केला आहे. माझं म्हणणं असं होतं, कंपनीच्या नजरेतून ती ओळ सुटली तर पैसे तुला मिळतील आणि मी थोर ठरेन. नाही सुटली तर दोष कागदाचा, माझा नाही. दोन्हीकडून मला काहीच करावं लागणार नव्हतं.

ओळ सुटली नाही. ऑगस्टमध्ये त्याच गॅस कंपनीचे मिस्टर ओक्स नावाचे गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले. आईनं तो हक्क पाच वर्षांपूर्वीच माझ्या नावावर केला होता. ते ओक्लाहोमाचे, फार गोड बोलणारे. माझ्या टेबलाशी बसून त्यांनी दालचिनीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि मी गॅसच्या लीजवर सही केली. वीस मिनिटं लागली. आलेले पैसे आईच्या आश्रमात जातात.

खुंट्यांचं म्हणशील, तर खालचा मालक ज्याला खोदायला देतो, त्याला गरजेपुरती वरची जमीन वापरता येते, असा इथला कायदा आहे. तो मी केलेला नाही. कुठे खोदायचं ते कंपनी ठरवते. त्यात मला बोलायला वाव नव्हता.

तुला तोंडावर सांगायला हवं होतं. माफ कर.

लेनोर

* * *

स्क्रँटन,
३ नोव्हेंबर २००८

प्रिय रोझॅन,

तू उत्तर दिलं नाहीस. डेलनं मात्र फोन केला. त्यानं तुला सांगितलं आहे की नाही, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, "तिनं पत्र शेगडीत टाकलं नाही, एवढंच तुला सांगतो. पैशाचं मरू दे. छपराचं आम्ही बघू, दोन गाई विकू. पण लेनोर, झरा त्या खुंट्यांच्या शेतात आहे. घराचं पाणी तिथून येतं, गोठ्याचं तिथून येतं. हे तुला कोणी सांगायला हवं होतं? तेरा वर्षं तूच प्यायलीस ना ते?"

मी म्हटलं, "डेल, कंपनी ठरवते."

तो म्हणाला, "बरं. कंपनीला सांगतो मग, गाईंना पाणी तुम्हीच पाजा," आणि फोन ठेवला.

माझ्या मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. बोलायला वाव नव्हता, हे. वाव होता. मी रोज डायरी लिहिते, हे तुला ठाऊक आहे. बारा ऑगस्टच्या पानावर फक्त एवढं आहे, "कागदांवर सही केली. दुपारी आईकडे." बाकीचं मी डायरीलाही सांगितलं नव्हतं. तेव्हा आता इथे लिहिते.

सही करण्याआधी मिस्टर ओक्स यांनी पेन माझ्यापासून थोडं दूर धरलं आणि विचारलं, "मॅडम, वरच्या जमिनीबाबत काही अट घालायची आहे? काही लोक घालतात. घराजवळ नको, पाण्याजवळ नको, असं." मी म्हटलं, "मी तिथे राहत नाही."

एवढंच. आवाज चढवला नव्हता. पण ते वाक्य मी कुणाला म्हणत होते, ते आता कळतं. तेरा वर्षांची असताना माझा पलंग ट्रकवर चढला आणि आठवड्याभरात तू माझ्या खोलीत झोपायला लागलीस. त्या खोलीची खिडकी पावसाळी हवेत अडकते, ती कशी उघडायची हे मीच तुला शिकवलं, आणि तेव्हापासून आपण मैत्रिणी झालो. मैत्री खरी होती. पण एकतीस वर्षं मी त्या घरात पाहुणी म्हणून कॉफी प्यायले, आणि कुणीतरी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून हे निघालं.

डेलच्या फोननंतर मी ओक्सना भेटायला गेले. तुमच्या गावातलं बुटांचं जुनं दुकान कंपनीनं ऑफिससाठी घेतलं आहे. भिंतीवर अजून मापाची पट्टी लटकते. मी म्हटलं, "मला आता अट घालायची आहे. वरच्या शेतात खोदू नका."

ते म्हणाले, "मी विचारलं होतं, मॅडम."

"हो, विचारलं होतं."

"तेव्हा फुकट होती ती अट. आता इंजिनियरांनी नकाशे काढलेत." मग त्यांनी एक नकाशा पुढे ओढला. "शेजारच्या टेकडीवरच्या दगडखाणीची जागा आमच्याकडे आहे. तिथून खाली खोदत जाऊन जमिनीच्या पोटातून आडवं तुमच्या गॅसपर्यंत येता येतं. जास्त खर्चाचं आहे."

"माझा हिस्सा कमी करा."

त्यांनी आत फोन लावला. मी तासभर एका स्टुलावर बसले, लहानपणी बुटांचं माप द्यायला बसायचे तशी. निघणाऱ्या गॅसच्या पैशात माझा हिस्सा पंधरा टक्के होता, तो साडेबारा झाला. त्याखाली कायदाच जाऊ देत नाही. नाहीतर कुठे थांबले असते, मला माहीत नाही.

आईला सांगितलं. मला वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "झऱ्यावर? त्या मुलखाबाहेरच्या माणसाला कळत नाही, ठीक. तुला काय झालं होतं?" मग जरा वेळानं, "खालचं सोडलं तर नाहीस ना?" मी नाही म्हटलं. ती पुन्हा टीव्ही बघायला लागली.

तेव्हा हेही स्पष्ट लिहिते. खालचा गॅस मी ठेवला आहे. अर्धा तुझ्या नावावर करावा असं आठवडाभर मनात घोळवलं, वकिलाला दर विचारला, आणि केलं नाही. आश्रमाचा खर्च हे एक कारण. दुसरं असं की माझा हात सुटत नाही. दुसरं आधी लिहायला हवं होतं.

सोबत लीजच्या दुरुस्तीचा कागद आहे. कचेरीत नोंदवला आहे. नोंदवहीचा आणि पानाचा क्रमांक वरच्या कोपऱ्यात. तुमच्या जमिनीवर खोदणार नाही, रस्ता करणार नाही, झऱ्याला हात लावणार नाही, असं त्यात आहे. कंपनी बदलली, मी मेले, तरी ते लागू राहील, असं मला समजलं आहे. पण माझ्या समजण्यावर जाऊ नकोस. तुझ्या वकिलाला दाखव, आणि त्याचं बिल मला पाठव. खुंट्या काढायला मंगळवारी माणसं येणार आहेत. खाणीच्या बाजूनं ट्रक जातील, धूळ येईल. ती मला थांबवता आली नाही.

तुझं उत्तर यावं असं मला वाटतं. यायलाच हवं असं नाही.

तू तिथे राहतेस हे पुरतं ठाऊक असून, "मी तिथे राहत नाही" म्हणालेली,

लेनोर