चिखलातली फळी

शेणवा, मे २००६, संध्याकाळ

आज खोटं बोललो. गोव्याला मी ज्या हॉटेलात काम करतो, तिथला एक पाहुणा फळीवर उभा राहून लाटेवरून येतो, हे घरी सांगत होतो. धाकट्या भावाने, काशिनाथने, लगेच विचारलं, "तू उभा राह्यलास का रे?" मी हो म्हणालो. का म्हणालो?

काशिनाथ म्हणाला, "त्यात काय नाय रे! लावणीच्या आधी चिखल सपाट करताना बैलांमागच्या फळीवर आपण लहानपणी उभं राहायचो ना? उद्या मी पन येतो तुझ्यासंगं गोव्याला."

मलाही हेच वाटलं होतं. म्हणून त्या पाहुण्याची फळी घेऊन समुद्रात उतरलो, तर पहिल्याच लाटेला पालथा झालो, फळी कानशिलावर बसली, नाकातोंडात खारं पाणी गेलं. नदीत पोहणारा मी, पण तिथे ओरडताही येईना.

काशिनाथने पिशवी भरून दाराशी ठेवलीय. आत्ता खरं बोललो नाही, तर त्याला लाटेत ढकलणारा मीच.

आणि चिखलातल्या त्या फळीवर तरी आम्ही कुठे उभे होतो? उभे आमचे आबा होते, बैल हाकत. आम्ही त्यांच्या कमरेला मिठी मारून होतो.