न सादळणारी भाकरी

६ एप्रिल
झालं! एवढं अर्थशास्त्र शिकून शेवटी भाकऱ्यांवर पहारा. कमी पाण्यात येणारी ज्वारी, तिची कडक भाकरी, ती परदेशी विकायची. पण "उन्हाळाभर टिकते हे आधी दाखवा," म्हणे पुण्याचे सर. टिकली तर होटगीच्या फुलाबाईंच्या बचत गटाला निर्यातीची ऑर्डर. नाहीतर प्रकल्प बंद, आणि मी घरी!

वीस भाकऱ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लावून आमच्याच स्वयंपाकघरात टोपलीत ठेवल्या. वर पाटी — हात लावू नये! सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. "व्हय व्हय," म्हणाल्या.

२१ एप्रिल
त्रेचाळीस अंश. मी वितळले. भाकऱ्या ठणठणीत.

१२ मे
अवकाळी पाऊस. पापड सादळले, बिस्किटं सादळली. आमचे हे तर लग्नापासूनच सादळलेले. भाकऱ्या मात्र कडकडीत! ओलाव्याचा आकडा जागचा हलत नाही. सर फोनवर म्हणतात, "श्रीदेवी, एवढं चांगलं असतं का कुठं?" असतं की! सोलापूर आहे हे. जळतात मेले.

फुलाबाईंचाही फोन : "ताई, नवं तवं घेऊ का आमी?" घ्या म्हटलं, बिनधास्त!

२ जून
सात नंबरची भाकरी हाताला गरम लागली. ऊन, दुसरं काय!

पण बाहेर तर ढग आहेत.

२ जून, दुपारी
सासूबाईंनी कबूल केलं. कबूल कसलं — वर मलाच झापलं! "शिळ्या भाकऱ्या परदेशी पाव्हण्यांना दावायच्या? आमच्या घरातनं? तोंडात शेण घालतील की लोक! दर सोमवारी ताज्या ठिवत हुते. चिठ्ठ्या तुझ्याच हायत, नीट उकलून लावल्या."

म्हणजे दोन महिन्यांचे सगळे आकडे ताज्या भाकरीचे! खूप रडले. परवा अहवाल द्यायचाय. फुलाबाईंनी तवे घेतलेसुद्धा. त्यांना काय तोंड दाखवू?

३ जून
सकाळी विचारलं, जुन्या टाकल्या कुठं?

"टाकीन कशी? अन्न हाय ते! डब्यात भरल्या. जुनी आदी संपवायची. एप्रिलच्या आत्ता कुटं सरत आल्यात — रोज तूच खातीस की, दुधात कुस्करून!"

सरांना खरं ते सगळं कळवलं. शेवटी लिहिलं : भाकरी टिकली. मीपण.