सुभेदारांचं मंगलाष्टक

१४ नोव्हेंबर १९७१
प्रेसमध्ये सुभेदार जाधव आले. साताऱ्याकडचे. मुलगी शालन, तिचं लग्न डिसेंबरात इथंच सांगलीत, मुलाच्या दारी. मंगलाष्टक स्वतः लिहिलंय, वहीच्या पानावर पेन्सिलीनं. वृत्ताचा पत्ता नाही. पण त्यात एक ओळ: 'मी चार चार दिवस घरी यायचो, तू कवा मोठी झालीस कळलंच न्हाई.'
माझं काम प्रुफं तपासायचं. तरी बसले. तासाभरात शार्दूलविक्रीडितात बसवलं: 'आलो मी घरि चार चार दिवसां, झालीस मोठी कधी.' चालीवर म्हणून दाखवलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

८ डिसेंबर
लढाई. सुभेदारांची रजा रद्द, लग्न पुढं ढकललं. मालक अण्णांनी जुळवलेला मजकूर सोडायला लावला, छपाईचे खिळे अडकून पडतात म्हणून. एक प्रूफ आणि ते पेन्सिलीचं पान माझ्या खणात.

११ फेब्रुवारी १९७२
किराणावाल्या मगदुमांच्या मुलीचं लग्न. मंगलाष्टक लिहून देते, म्हणते पण मीच, असं कबूल करून बसलेले. चार दिवस डोकं कोरडं ठाक. शेवटी शालनचंच घेतलं, नाव तेवढं बदललं.
मगदूम उभ्या जन्मात दुकान सोडून चार दिवस कुठं गेले नाहीत. तरी ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, काय लिहिता हो बाई. मी 'छे हो' म्हणाले. 'माझं नाही' म्हणायला हवं होतं.

९ मार्च
पाचवं लग्न. आता मागणीच तीच, बायकांना पाठ झालंय.
दादा कोर्टात कारकून, त्याला आडून विचारलं. एका मैत्रिणीचं आहे म्हणून. म्हणाला, कायद्यानं शब्दरचना ज्याची त्याचा हक्क, नुसती कल्पना कुणाच्या मालकीची नसते. म्हणजे सुटले. वृत्त माझं, शब्द बरेचसे माझे.
मग मैत्रिणीचं नाव का पुढं केलं? जेवण गेलं नाही.

२ एप्रिल
अण्णांना मंगलाष्टकांची पुस्तिका काढायची आहे. वर माझं नाव, आत 'सर्व हक्क स्वाधीन'. आनंद झाला. तोच खुपतो.
खरं इथं नाही लिहायचं तर कुठं? फेब्रुवारीत मनात आलं होतं: सुभेदारांचं पत्र नाही, माणूस परत येतो की नाही कोण जाणे. तसं मनात आल्यावरच मी कागद खणातून काढला. जित्या माणसाला मी मनात संपवलं, एका श्लोकासाठी.

६ मे
अधिक वैशाख, मुहूर्त नाहीत, प्रेस थंड. दारात सुभेदार. डावा पाय ओढत. इतके महिने हॉस्पिटलात होते, म्हणून पत्र नाही. लग्न २५ ला धरलंय. म्हणाले, "त्योच श्लोक छापा. खाली तुमचं बी नाव घाला, बाई. तुमी नसता तर ते नुसतं बोलनंच ऱ्हायलं असतं."
सांगायचं होतं. चहा मागवला.

१२ मे
त्यांचं प्रूफ तपासलं. माझं नाव काढून टाकलं, फक्त त्यांचं ठेवलं. निदान एवढा तरी प्रामाणिकपणा, असं वाटलं. बरं वाटलं.

२५ मे
लग्न झालं. म्हणायला मलाच सांगितलं होतं, मी घसा बसल्याचं निमित्त केलं. मग अंतरपाटाशेजारी सुभेदार स्वतः उभे राहिले. बेसूर, पण कवायतीच्या दमानं. दुसऱ्याच ओळीला वराकडच्या बायका त्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणू लागल्या. मागून एक जण म्हणाली, "हे तर प्रेसमधल्या बाईंचं. उचललं आन् सोताच्या नावानं छापलंय बी."
त्यांनी ऐकलं. शेवटच्या ओळीपर्यंत म्हटलं. अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या.
माझं नाव मी का काढलं. ते असतं तर...

२७ मे
सुभेदार आले. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, फेब्रुवारीत मनात आलेलं सोडून. ते उभ्यानंच ऐकत होते.
"दुसऱ्या पोरींना म्हनलात त्याचं काय न्हाई, बाई. त्या बी कुनाच्या तरी पोरीच. पन शालन मला इचारती, आबा, माझ्यासाठी चार वळी बी तुमाला सोताच्या सुचल्या न्हाईत व्हय? मी सांगितलं, माझंच हाय म्हनून. ती हसली नुसती."
मी माफी मागितली ती यंत्राच्या आवाजात. ऐकू गेली की नाही, माहीत नाही. दुपारच्या गाडीनं ते साताऱ्याला गेले.

३ जून
पुस्तिकेचं प्रूफ टेबलावर आहे. अण्णा रोज विचारतात. सही केलेली नाही.
शालनचं सासर इथंच, सांगलीच्या विश्रामबागेत. दोन दिवस अर्ध्या रस्त्यातून परत आले होते, आज दारापर्यंत गेले. तिनं ओळखलं, बसवलं. म्हणाली, "आबांना ते तुमीच लिहून दिलंवतं न्हवं? छान होतं."
हो म्हणणं किती सोपं होतं. पर्समधून पेन्सिलीचं पान काढून तिच्या हातात दिलं. घडीवर फाटत आलेलं, कोपऱ्यात तारीख, नोव्हेंबरची.
तिनं वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. अक्षर बापाचं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. मी येते म्हणाले, उठले, चपला घातल्या. तिनं वर पाहिलं नाही.